तेराचा पाढा आणि भरमाचा माग

"दुसरी इयत्ता नापास झाली तर कणकुंबी," एवढंच बोलून हेडमास्तर कुरुंदवाडकरांनी तपकिरीची चिमूट नाकात सोडली. बाकीचं सगळं तम्मण्णानं आपलं आपण रचलं. घाट, जंगल, जळवा, हिवताप, आणि शाळेच्या दाराला अंग घासून जाणारा वाघ. वाघाला तर त्यानं डाव्या कानाशी एक जुनी जखमही दिली होती. माणूस घाबरायला बसला की तपशिलात कमी पडत नाही.

तम्मण्णा मूळचा निपाणीचा. घरात पिढीजात तंबाखूच्या वखारीवरची कारकुनी. त्या खकाण्यात जन्मभर शिंकायचं नाही म्हणून हा मास्तर झाला, आणि अजून कायम न झालेला दुय्यम मास्तर म्हणून विणकरवाडीच्या शाळेत आला. विणकरवाडी म्हणजे शहापूरपासून एका ओढ्याच्या अंतरावर. ओढ्याच्या पलीकडे संस्थानी मुलूख, अलीकडे इंग्रजांचा. लुगडी दोन्हीकडे तीच, शाळा तपासणारा दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, मात्र फक्त अलीकडे. मार्च महिन्यात हे दिपोटीसाहेब छकड्यातून येत, पोरांची परीक्षा घेत, आणि त्यांच्या शेऱ्यावर मास्तर कायम होई किंवा कणकुंबीला जाई. तिसरी वाट सरकारनं ठेवली नव्हती.

दिल्लीदरबार होऊन गेलेल्या त्या वर्षी दुसरी इयत्ता तम्मण्णाच्या गळ्यात होती. आणि दुसरी इयत्ता शाळेत नव्हती.

संक्रांत होऊन लग्नसराईची लुगडी मागावर चढली होती. घरोघरी पोरं धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली होती. तम्मण्णा एकेका दारात जाऊन उभा राहायचा, आणि दारातल्या बाया त्याच्याकडे भिक्षेकऱ्याकडे बघावं तसं बघायच्या. भरमा विणकराच्या घरी तर त्याच्या आईनं, रुक्माबाईनं, चरखा न थांबवताच विचारलं, "मास्तरा, नवऱ्या उघड्या बसवायच्या व्हय रं? का तुझ्या पाढ्यात गुंडाळायच्या?"

ह्यावर ट्रेनिंग कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

तेव्हा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला भरमाच बोलला, "पोरं शाळंत येत न्हायत, तर शाळा हितं आणा की मास्तर. कांड्या भरत भरत म्हणतील. तोंड काय कांडीला लागत न्हाय."

तम्मण्णाला ही गोष्ट इतकी पटली की त्याला तिचा संशय यायला हवा होता. पण नाही आला. दुसऱ्या दिवसापासून भरमाच्या सोप्यात दुसरी इयत्ता भरू लागली. एका बाजूला पोरं कांड्या भरताहेत, मध्ये तम्मण्णा पोत्यावर, आणि समोर भरमाचा माग: खट्-खटाक्, खट्-खटाक्.

आणि चमत्कार झाला. जी पोरं शाळेत 'तेरा दुणे' म्हटलं की छपराकडे बघायची, ती मागाच्या ठेक्यावर घोड्यासारखी धावायला लागली. धोटा इकडून तिकडे गेला की 'तेरा एके तेरा', तिकडून इकडे आला की 'तेरा दुणे सव्वीस'. पावकी झाली, निमकी झाली, औटकीसुद्धा झाली. औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, भल्याभल्यांचे पाय घसरतात. पोरांत पुढे होती भरमाचीच लेक अंजनी. शाळेत मुलगी ती एकटीच, पण आवाज चार मुलांचा. आठवड्याभरात रुक्माबाईलाही तेराचा पाढा आला, आणि ती तो बाजारात कोथिंबीरवाल्यावर वापरू लागली.

एक बारीक गोष्ट मात्र घडली होती. तेराचा पाढा पहिल्यांदा घेतला त्या दिवशी सहाच्या घराशी नेमका भरमाचा धागा तुटला. भरमा ओरडला, "तुटला मेला! थांब रं!" माग थांबला. भरमानं टोकं शोधली, जोडली, आणि म्हणाला, "हां, चल." माग सुरू झाला. पोरांनी हे सगळं श्रद्धेनं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी धागा न तुटताही पाढा असा आला:

"तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तुटला मेला, थांब रं!"

आणि पोरं गप्प. भरमा सवयीनं "हां, चल" म्हणाला तेव्हा कुठे 'तेरा सत्ते एक्क्याण्णव' बाहेर पडलं.

तम्मण्णानं ते मधलं काढून टाकायचा प्रयत्न केला. पण मधलं काढलं की पुढचं येईना. सतराच्या पाढ्यातही असंच चोकाशी रुक्माबाईचं 'कोंबडी हाकला गं' शिरलं होतं. तम्मण्णानं विचार केला, परीक्षा अजून लांब आहे, तोवर जाईल. न केलेल्या कामाविषयी माणूस नेहमी असाच विचार करतो, आणि त्याला पुढे नशीब म्हणतो.

मग शाळेत पहिली रंगीत तालीम झाली. हेडमास्तरांनी दिपोटीसाठी शाळा सारवून घेतली होती. भिंतीवर पंचम जॉर्जची तसबीर पुसून लावली होती. पोरं ओळीत बसली. तम्मण्णा अभिमानानं म्हणाला, "अंजने, तेराचा पाढा."

अंजनी उभी राहिली. उभीच राहिली.

"येत नाही?"

"येतंय की मास्तर."

"मग म्हण."

"सुरू व्हऊ दे की."

"काय सुरू होऊ दे?"

"माग."

तम्मण्णानं एकेका पोराला उभं केलं. एकेकजण दाराकडे बघत माग सुरू व्हायची वाट पाहत उभा राहिला. शेवटी सगळा वर्ग उभा होता, आणि ऐकू येत होती ती फक्त हेडमास्तरांच्या तपकिरीच्या डबीची टिचकी. तसबिरीतला राजासुद्धा कणकुंबीकडे तोंड करून बसलाय असं तम्मण्णाला वाटलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी वाडीभर झाली, आणि सल्ले सुरू झाले. संकट एकटं येत असेल, सल्ले कधी एकटे येत नाहीत.

हेडमास्तर म्हणाले, "छडी." तो त्यांचा प्रत्येक गोष्टीवरचा सल्ला होता, शाळेचं छप्पर गळायचं तेव्हाही त्यांनी प्रथम छडीच मागवली होती.

तम्मण्णा ज्यांच्या घरी खोली घेऊन राहायचा त्या शालूबाई म्हणाल्या, "तम्मण्णा, पोरांची जीभ जड झालीय बघ. वेखंड उगाळून लाव. माझा भाचा पाच वर्षं मुका होता, वेखंड लावलं तर आता गप्प बसत नाही." दुसऱ्या दिवशी तम्मण्णानं दुसऱ्या इयत्तेला वेखंड चाटवलं. पाढा आला नाही, लाळ मात्र आली. ताज्या सारवलेल्या जमिनीवर तिची तळी साचली. "हे काय?" हेडमास्तरांनी विचारलं. "जिव्हाशुद्धी," तम्मण्णा म्हणाला. स्वतःच्या तोंडून असला शब्द निघाल्याचं त्याला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

मग त्यानं पायानं ठेका धरून पाहिला. पोरं एकमेकांकडे बघून हसली. जोतिराम नावाचा एक तिखट पोरगा म्हणाला, "मास्तर, ह्यात धोटा कुठाय? ह्यो तर म्हशीचा आवाज हाय." मास्तरानं आणखी जोरात पाय आपटला, आणि सारवणात घोट्यापर्यंत खड्डा पडला. मागाचा खड्डा असाच असतो, एवढंच काय ते साम्य साधलं.

भरमाचा माग शाळेत आणावा, असाही विचार झाला. पण तो जमिनीत खड्डा खणून पुरलेला. माग आणायचा म्हणजे घरच आणावं लागणार. नवा माग शाळेत बसवायला परवानगी मागितली, तर वरून उत्तर आलं की शालोपयोगी साहित्यात खडू, फळा, नकाशा व मातीचा माठ एवढेच बसते; माग हवा असल्यास तो माठ या सदराखाली मागवता येईल काय ते कळवावे.

शेवटी मष्णू हलगीवाला म्हणाला, "ठेकाच पायजे न्हवं? माझी हलगी घ्या की मास्तर. शिमगा झाल्यापास्नं खुंटीलाच हाय, तिचंबी अंग आंबलंय."

हे मात्र पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी मष्णू शाळेच्या दारात उभा राहिला आणि त्यानं हलगीवर टिपरू टाकलं. खट्-खटाक् नव्हे, पण त्याच्या नात्यातलं काहीतरी निघालं. अंजनीचे ओठ हलले. तम्मण्णाचा जीव भांड्यात पडला. "जोरात, मष्णू, आणखी जोरात!"

आता त्या दिवसांत शिमगा नसताना भर दुपारी हलगी वाजली, तर तिचा एकच अर्थ होता: सरकारी दवंडी. आणि सरकारी दवंडी म्हणजे प्लेग. गाव रिकामं करा, रानात झोपड्या घाला. तेराच्या चोकापर्यंत पोरं पोचतायत तोवर बाहेर लोकांनी वळकट्या बांधायला सुरुवात केली होती. पासष्टाशी रुक्माबाई उखळ डोक्यावर घेऊन शाळेसमोरून गेली. तम्मण्णा धावत बाहेर आला. "अहो, प्लेग नाही! पाढा आहे!"

"पाड्यात बी आला?" म्हणून एक म्हातारा जास्तच घाईनं चालू लागला.

पोलीसपाटलानं तम्मण्णाला चावडीत बोलावून सांगितलं, "तुम्ही चालू केलंय, तुम्हीच बंद करा. प्लेग न्हाय म्हणून गावभर दवंडी द्या." म्हणून मष्णू पुढे हलगी वाजवत आणि मागे तम्मण्णा, शिकलेला माणूस, कोट घातलेला, "प्लेग नाही हो, प्लेग नाही" असं ओरडत गल्लीगल्लीतून फिरला. पण हलगी पुढे होती आणि आवाज मागे. जे लोक पहिल्या हलगीला घरात राहिले होते ते दुसऱ्या हलगीला निघाले. त्या रात्री निम्मी विणकरवाडी ओढ्याच्या काठावर झोपली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, आणि पुढे कितीतरी दिवस तम्मण्णा दिसला की बायका पोरांना म्हणायच्या, "गप बस, न्हायतर मास्तराचा प्लेग यील."

दिपोटीची तारीख आली. तम्मण्णानं कणकुंबीला न्यायच्या वस्तू मनातल्या मनात काढायला घेतल्या. घोंगडी, कंदील, क्विनाईन. मिशा उतरवाव्यात का, वाघाला त्या आवडतात का, इथवर तो आला असताना भरमा स्वतः खोलीवर आला.

"मास्तर, यवढं तोंड कशापायी पाडलंसा? शाळंच्या मागल्या भिंतीला माझ्या चुलत्याचं घर हाय. त्येचा माग खिडकीपशीच. परीक्षेदिशी मी त्यावर बसतो. तुम्ही खिडकी उघडी ठेवा. दिपोटीला वाटंल, गावात माग चालल्यात. चालत्यातच की."

तम्मण्णानं भरमाला मिठी मारायची तेवढी राहिली. दोघांनी दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. भिंतीपलीकडे खट्-खटाक् सुरू झालं, आणि दुसरी इयत्ता तेरा, सतरा, एकोणीस करत सुसाट निघाली. 'तुटला मेला' तेवढं राहिलं होतं; पण ते म्हणायची वेळ आली की खोकायचं, असं ठरलं. सगळ्यांनी खोकायचं. पोरं खोकत खोकत अठ्ठ्याहत्तर ओलांडायला शिकली. परीक्षेच्या आदल्या रात्री तम्मण्णा महिन्यात पहिल्यांदा शांत झोपला. स्वप्नात वाघ आला, पण त्यानं ओळख दाखवली नाही.

सकाळी त्याला शांततेनं जाग आली.

विणकरवाडीत शांतता ही वस्तूच नव्हती. पहाटेपासून घराघरांतून माग चालायचे. त्या आवाजाची सवय इतकी की तो ऐकूच यायचा नाही. आज तो नाही हे ऐकू आलं. तम्मण्णा धोतर सावरत भरमाकडे पळाला. भरमा अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून ओट्यावर बसला होता. आत मागाला हळदकुंकू वाहिलेलं दिसत होतं.

"भरमाअण्णा, माग?"

"आज?" भरमा चकित झाला. "आज अवस न्हवं का मास्तर. पाडव्याआधीची. आज माग झोपल्यात."

"मग उठव की!"

"अवसंला मागाला पाय लावला," आतून रुक्माबाई म्हणाली, "तर वर्सभर धागा तुटतो."

"तसाही तुटतोच की रोज!"

हे बोलायला नको होतं. भरमानं नुसतं मागाकडे पाहिलं, माग हे ऐकत तर नाही ना, अशा काळजीनं. चूक तम्मण्णाचीच होती. निपाणीत अमावास्येला तंबाखू वाळायची थांबत नाही, म्हणून त्यानं कधी पंचांग पाहिलं नव्हतं. आणि दिपोटीसाहेबांनी तारीख धरली ती इंग्रजी महिन्याची. इंग्रजी महिन्यात अमावास्या नसते. दोन मोठ्या राज्यव्यवस्था आणि तीन ट्रेनिंग कॉलेजं असूनही हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"तुमास्नी ठाव न्हवतं, मास्तर?" भरमा मनापासून म्हणाला. "सगळ्या गावाला ठाव हाय की."

दिपोटीसाहेब बरोबर दहाला आले. उंच, हडकुळे, पगडीखाली कोरडा चेहरा. त्यांच्या हातात लाकडी गोल रूळ होता. त्यांनी वाचन घेतलं, बरं झालं. शुद्धलेखन घेतलं, वाईट नव्हतं. मग खुर्चीत रेलून ते म्हणाले, "पाढे. तेराचा. ही मुलगी."

अंजनी उभी राहिली. उघड्या खिडकीकडे बघत राहिली. खिडकीतून अमावास्येची शांतता आत येत होती. एक माशी मधेच गेली.

"हं?"

अंजनी काही बोलेना. जोतिराम उभा राहिला, तो बोलेना. तम्मण्णाच्या मनात वाघ उठून बसला आणि त्यानं जांभई दिली.

"सगळे मिळून म्हणा!" दिपोटी तापले. कोणी म्हणेना. "मास्तर, हा वर्ग मुका आहे काय?" त्यांनी टेबलावर रूळ आपटला. "तोंडं उघडा!" पुन्हा आपटला. "उघडा म्हणतो ना!" तिसऱ्यांदा आपटला. टेबलाचा एक पाय खड्ड्यात, तम्मण्णाच्याच पायानं पडलेल्या. त्यामुळे रूळ आपटला की टेबल एकदा वाजे आणि लगेच डगमगून पुन्हा वाजे: खट्-खटाक्.

अंजनीचे डोळे चमकले.

"तेरा एके तेरा!"

"काय?" खट्-खटाक्.

"तेरा दुणे सव्वीस!" आता सगळा वर्ग.

"एकदम ओरडू नका!" खट्-खटाक्.

"तेरा त्रिक एकोणचाळीस!"

"शांतता!" खट्-खटाक्. "तेरा चोक बावन्न!" "गप्प बसा!" खट्-खटाक्. "तेरा पाचे पासष्ट!" दिपोटीसाहेब जितकी शांतता मागत होते तितका पाढा पुढे सरकत होता. हेडमास्तरांच्या हातातून तपकीर सांडली. तम्मण्णाला दिसत होतं की पुढचं घर सहाचं आहे. तो जोरजोरात खोकू लागला. पोरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ठेका खरा लागला होता, आणि खऱ्या ठेक्यावर पाढा खराच येतो.

खट्-खटाक्!

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर! तुटला मेला! थांब रं!"

आणि दुसरी इयत्ता जागच्या जागी थांबली.

दिपोटीसाहेबांचा हात हवेत राहिला. त्यांनी हळूच रूळ डोळ्यांसमोर धरला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. रूळ अखंड होता. मग त्यांनी टेबलावर बेतानं आपटून पाहिला. पोरं गप्प. पुन्हा आपटला. गप्प. सगळा वर्ग तोंड उघडं ठेवून कोणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघत होता.

ते काय, हे खोलीतल्या मोठ्यांत एकट्या तम्मण्णाला माहीत होतं. म्हणावं, तर ह्या सगळ्याचा बाप आपण आहोत हे कबूल होणार. न म्हणावं, तर तेरा सत्तेपासून पुढची घरं अंधारात, आणि वर्ग नापास. त्यानं अंजनीकडे पाहिलं. तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते. तिला काडीचीही शंका नव्हती. धागा तुटला की मोठं माणूस तो जोडतं आणि मग पुढे जायचं असतं, एवढं तिला घरातूनच माहीत होतं.

तम्मण्णानं डोळे मिटले.

"हां, चल," तो म्हणाला.

खट्-खटाक्, दिपोटीसाहेबांच्या हातून आपोआप झालं.

"तेरा सत्ते एक्क्याण्णव! तेरा आठे चारोत्तरशे! तेरा नवे सतरोत्तरशे! तेरा दाहे तीसासे!"

दिपोटीसाहेबांनी रूळ टेबलावर ठेवला. मग दिपोटी कोरडेपणानं म्हणाले, "सहाच्या घराशी हे काय होतं?"

खरं सांगायला फार वेळ लागला असता. "विसावा, साहेब," तम्मण्णा म्हणाला. "मुलांची दमछाक होऊ नये म्हणून."

"ही पद्धत कुठली?"

"इथलीच."

दिपोटीसाहेबांनी मान हलवली. मग जरा संकोचून, रूळ पुन्हा उचलत, म्हणाले, "सतराचा येतो का?" सतराचा आला. चोकाशी 'कोंबडी हाकला गं' आलं तेव्हा साहेब पोरांच्या आधी खिडकीकडे वळून "शुक्!" म्हणाले. एकोणीस झाला, पावकी झाली, औटकीला तर त्यांनी दोन्ही हातांनी वाजवलं. जेवायची वेळ टळून गेली तरी ते उठेनात. दुसरी इयत्ता पास झाली, तीसुद्धा सगळी.

पाडव्याला विणकरवाडीनं तम्मण्णाला श्रीखंड खाऊ घातलं. भरमानं स्वतः विणलेला रुमाल त्याच्या डोक्याला बांधला. रुक्माबाईनं चारचौघांत सांगितलं, "प्लेग बी ह्यानंच घालवला." आणि पंधरवड्यात हुकूम आला. हेडमास्तरांनी तो उभं राहून वाचला. दुय्यम मास्तर तम्मण्णा यांस कायम करण्यात येत आहे; त्यांची विश्रांतियुक्त ठेक्याची पद्धत अत्यंत उपयुक्त दिसून आल्यावरून, जिथे तिची सर्वांत अधिक गरज आहे अशा शाळेवर त्यांची तातडीने नेमणूक करण्यात येत आहे.

पुढचं गाव वाचायची गरज नव्हती.

खानापूर सुटल्यावर रस्ता रानात शिरला. बैलगाडीत घोंगडी, कंदील, क्विनाईन, आणि घोंगडी पांघरून तम्मण्णा. मिशा त्यानं ठेवल्या होत्या. कायम झालेल्या माणसानं वाघापुढेही काही राखावं. गाडीचं एक चाक किंचित वाकडं होतं. ते प्रत्येक फेऱ्याला दोनदा वाजायचं. बऱ्याच वेळानं तम्मण्णाच्या लक्षात आलं की आपण पुटपुटतोय: तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट...

"तुटला मेला! थांब रं!" तो एकदम ओरडला.

गाडीवाल्यानं कासरा ओढला, खाली उडी टाकली आणि आस चाचपली, जू चाचपलं, दोन्ही चाकं हलवून पाहिली. "काय तुटलं, मास्तर?" तो घाबरून म्हणाला. "हितं थांबायचं ठिकाण न्हवं. जनावर असतंय."

तम्मण्णानं एकदा मागे, ज्या दिशेला विणकरवाडीचे माग ह्या वेळी चालू असतील तिकडे पाहिलं. मग रुमाल नीट केला.

"काही नाही," तो म्हणाला. "जोडलं. हां, चल."